काठी बाजूला ठेवून कुत्र्याला शिकवू या



आपल्या गटाच्या वहीत शेळीला रकाना आहे, कोंबडीला आहे. म्हशीच्या कर्जाला तर वेगळं पान असतं आणि विम्याची पावती त्याला टाचलेली असते. पशुसखी घरी आली की शेळीचं वजन करते, करडांना जंताचं औषध पाजते. पण त्याच शेळ्यांच्या दारात रात्रभर जागणाऱ्या कुत्र्याचं नाव आपल्या कुठल्याच वहीत नाही. ते कुणी विकत आणलेलं नसतं, त्याला कर्ज लागत नाही, म्हणून त्याचा हिशोबही नाही. आज आम्ही त्याच्याविषयी बोलणार आहोत. त्याला कसं शिकवायचं, कसं शिकवायचं नाही, आणि नीट शिकवलं तर ते आपल्यासाठी काय काय करू शकतं, याविषयी.

विषय निघायला कारण घडलं. आमच्या ग्रामसंघातल्या एका ताईंनी गटातून कर्ज काढून चार शेळ्या घेतल्या. त्यांची वस्ती गावापासून लांब, माळाला लागून. लांडग्याचं भय, आणि चोरांचं त्याहून जास्त. म्हणून त्यांच्या मुलाने एक कुत्रा आणला आणि त्याला ‘तिखट’ करायचं ठरवलं. तिखट करायची आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. आखूड साखळीने लिंबाच्या झाडाला बांधायचं, दिवसा सोडायचं नाही, येता-जाता काठीने डिवचायचं आणि अर्धपोटी ठेवायचं. काही ठिकाणी तर पिल्लाचे कान कापतात, का तर म्हणे त्याने कुत्रं राखणीला चांगलं होतं. सात-आठ महिन्यांत कुत्रा तिखट झाला खरा. एके रात्री शेळी चोरीला गेली तेव्हा तो भुंकत होता. पण तो दिवसरात्र, येणाऱ्या-जाणाऱ्याला, अगदी वाऱ्यालाही भुंकायचा, त्यामुळे घरातलं कुणी उठलंच नाही. आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी शेजारचं सहा वर्षांचं लेकरू चेंडू आणायला लिंबाखाली गेलं, तर कुत्र्याने त्याचा दंड धरला.

पुढचं सांगण्याआधी चावल्यावर काय करायचं ते सांगून टाकतो, कारण हे सगळ्यांत महत्त्वाचं आहे. त्या लेकराची आजी चटणीचा डबा घेऊन धावली होती. आशाताई जवळच होत्या म्हणून बरं झालं. त्यांनी डबा बाजूला ठेवायला लावला आणि जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुतली. पूर्ण पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. मिरची नाही, चुना नाही, हळद नाही, तेल नाही. लगेच दवाखाना. सरकारी दवाखान्यात रेबीजची लस मोफत मिळते. कातडीत देतात ती इंजेक्शनं त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पहिल्या दिवसाला शून्य धरून मोजायचं. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं आणखी एक औषध असतं, त्याबद्दल डॉक्टरांना आपण होऊन विचारा. बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शनं आता कुठेही देत नाहीत, ती जुनी लस देशात कधीच बंद झाली. त्या भीतीने कुणी घरी बसू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण वेळेवर जखम धुतली आणि सगळी इंजेक्शनं पुरी केली, तर हा रोग टाळता येतो. ते लेकरू आज शाळेत जातंय. त्याच्या दंडावर वण आहे.

कुत्र्याला दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवलं. त्याला रेबीज नव्हता. तरी वस्तीवर बैठक बसली आणि कुणीतरी म्हणालं, भाकरीला औषध लावून घाला त्याला, आणि गावातली बाकीचीही त्याच भाकरीने निकालात काढा. आमच्यातल्याही काही जणींच्या माना हलल्या. लेकरू रक्ताने भरलेलं ज्यांनी पाहिलं होतं, त्यांचा राग आम्हाला समजत होता. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या एका आजी म्हणाल्या, “पोराला चावलं हे वंगाळच झालं. पण आठ महिनं त्याला काय शिकवलं ते बी बघा की. शिकवलं तेच त्यानं केलं.”

बैठक गप्प झाली. विषाची भाकरी कुत्रंच खाईल, असं नसतं, ती शेळी खाते, कोंबडी खाते, एखादं रांगतं पोर उचलतं. शिवाय असं मारणं हा कायद्याने गुन्हा आहे. १९६० सालचा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा आहे. त्यात आणखी एक गोष्ट लिहिलेली आहे, जी आम्हालाही आधी नवी वाटली. फार आखूड किंवा फार जड साखळीने जनावर तासन् तास बांधून ठेवणं, आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं, हासुद्धा गुन्हाच आहे. म्हणजे त्या लिंबाखाली गुन्हा घडत होता तो चाव्याच्या आधीपासून.

मग आम्ही ठरवलं की कुत्रं शिकतं कसं, हे आधी नीट समजून घ्यायचं. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना वस्तीवर बोलावलं. बायका हसत होत्या. “आवं ताई, कुत्र्याला शिकवायला काय शाळा हाय का?” आणि कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, ही म्हण तर तीन-चार जणींच्या तोंडून आली. डॉक्टर म्हणाले, शेपूट वाकडंच राहू द्या, आपल्याला शेपटाला शिकवायचंच नाही.

रशियात पावलोव्ह नावाचे शास्त्रज्ञ होते. अन्न कसं पचतं याचा अभ्यास ते कुत्र्यांवर करत, त्यासाठी १९०४ मध्ये त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला. त्यांच्या लक्षात आलं की अन्न तोंडात पडायच्या आधीच, नुसती चाहूल लागली तरी कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. म्हणजे कुत्रं दोन गोष्टींची गाठ मारतं. ही गोष्ट घडली की ती घडते. आता आपल्या दारात बघा. परातीचा आवाज झाला की कुत्रं उठतं. तव्यावरची शेवटची भाकरी त्याची, हे त्याला कळतं. पोरगा काठी घेऊन निघाला की ते गोठ्यामागे जातं. हे सगळं त्याला कुणी शिकवलं? आपणच, न कळत. रोज भाकरी घालणारी बाई ही कुत्र्याची पहिली मास्तरीण असते. ते सगळ्यांत जास्त आपल्याकडे बघतं, आपलं ऐकतं. म्हणून हे काम घरातल्या पुरुषांवर सोडू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

काठीने मात्र कुत्रं भलतंच शिकतं. समजा, सकाळी त्याने कोंबडी पकडली आणि पळालं. दुपारी ते परत आलं, आपण गोड आवाजात “ये ये” करून जवळ बोलावलं आणि बदडलं. आपल्या मनात हिशोब कोंबडीचा. त्याच्या मनात गाठ बसते ती वेगळीच. बोलावलं, गेलो, मार बसला. दुसऱ्या दिवसापासून ते बोलावल्यावर येत नाही आणि आपण म्हणतो, बेइमान झालं. “पण ताई, त्याला कळतं की चूक झाली, मान खाली घालतं, कान पाडतं.” हे आम्हालाही कित्येकींनी सांगितलं. अमेरिकेतल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ या बाईंनी नेमकं हेच तपासलं आणि २००९ मध्ये त्यावर लेख लिहिला. काही कुत्र्यांनी मना केलेला खाऊ खाल्ला होता, काहींनी मुळीच खाल्ला नव्हता. मालकांनी रागावल्यावर दोघांचंही तोंड तसंच अपराध्यासारखं झालं. न खाणाऱ्याचंही! म्हणजे ती मान आपल्या आवाजाला भिऊन खाली जाते. मार खाऊन कोण काय शिकतं, हे आपल्याला तरी बाहेरून कुणी येऊन सांगायला नको. मार खाणारा मारणाऱ्याच्या पावलांचा आवाज ओळखायला शिकतो, एवढंच.

मग शिकवायचं कसं? भाकरीच्या तुकड्याने, आणि वेळ साधून. तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा पुरे. पोट भरायचं नाही, काम पटलं एवढं सांगायचं. उकडलेल्या अंड्याचा कण किंवा सुकटाचं टोक असेल तर कुत्रं आणखी मन लावतं. शिकवायचं ते जेवणाआधी, भूक असताना, पाचच मिनिटं, दिवसातून दोनदा. त्याहून जास्त केलं की त्याचंही लक्ष उडतं आणि आपलीही कामं राहतात. एक गोष्ट मात्र सांभाळायची. हवं तसं वागल्याबरोबर, एका दमात, तुकडा तोंडात गेला पाहिजे. मिनिटभराने दिलात तर ते मधल्या मिनिटात केलेल्या गोष्टीशी गाठ मारेल.

सुरुवात नावापासून. नाव घेतलं, त्याने वळून पाहिलं, लगेच “शाब्बास” आणि तुकडा. दोन-तीन दिवसांत नाव पक्कं होतं. मग “ये”. आधी दोन हातांवरून बोलवायचं, मग अंगणाच्या टोकावरून, मग शेताच्या बांधावरून. “ये” म्हटल्यावर आलेल्या कुत्र्याला कधीच, काहीही झालं तरी, मारायचं नाही. बांधायचं असेल तरी आधी तुकडा, मग साखळी. “बस” शिकवायला त्याच्या पाठीवर दाब द्यायची गरज नाही. तुकडा नाकाजवळ धरून हळूच डोक्यावरून मागे न्या, मान वर जाते तसं बूड आपोआप खाली टेकतं. टेकलं की द्या. हे करून बघताना आमच्या बैठकीत जी हसाहशी झाली, तेवढी वर्षभराच्या बैठकांत झाली नव्हती. घरातल्या सगळ्यांनी शब्द मात्र एकच ठेवायचा. सासूबाई “हिकडं ये”, नवरा “चल”, पोरं “यू यू” करतात, कुत्र्याने काय समजायचं?

कोंबड्यांमागे आणि करडांमागे धावणं ही सगळ्यांची तक्रार. त्याला दोरी लावून कोंबड्यांपासून इतकं लांब बसवायचं, की त्या दिसतील पण ते उसळणार नाही. कोंबडीकडे बघून त्याने आपल्याकडे मान वळवली की तुकडा. रोज थोडं थोडं जवळ. याला तीन आठवडे लागतात, कधी दीड महिना. काठीने एका दिवसात धावणं थांबतं, हे खरं आहे. पण ते काठी दिसते तोवरच. आपण पाणी आणायला गेलो की परत सुरू.

आता त्या लिंबाखालच्या कुत्र्याचं काय झालं ते. ताईंनी साखळी काढली. दोन झाडांमध्ये डोक्याच्या उंचीवर तार ताणली आणि तारेत कडी घालून त्याला लांब दोरी लावली. कडी सरकते, कुत्रा अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतो. गळ्यातला पट्टा इतका रुतला होता की खाली जखम झाली होती. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत, आणि पिल्लू वाढत असेल तर दर आठवड्याला बघायला पाहिजे. त्याला पोटभर भाकरी-ताक सुरू झालं, सावली मिळाली, पाण्याचं भांडं आलं. मुलाने काठी सोडायला वेळ लावला. पण आपण जवळ गेलो की कुत्रा दबून बसतो आणि आईकडे शेपूट हलवत येतो, हे त्याला स्वतःलाच लागलं. आधी तो लांबून तुकडे टाकायचा, मग हातावरून देऊ लागला. चार महिन्यांनी कुत्रा नावाने येऊ लागला, रात्री सैल राहू लागला, आणि मुख्य म्हणजे दिवसभराचं भुंकणं थांबलं. आता तो भुंकला की घरातले उठतात.

पण तो पूर्ण बदलला असं आम्ही सांगणार नाही. लहान मुलं धावताना दिसली की तो अजून ताठ होतो. शाळा सुटायच्या वेळी ताई त्याला आत घेतात आणि फाटकाला कडी लावतात. आठ महिन्यांत जे बिघडवलं ते चार महिन्यांत सगळं निघत नाही, काही कधीच निघत नाही. म्हणून सांगतो, मोडून मग जोडण्यापेक्षा पिल्लूपणीच नीट वाढवा.

त्यासाठी धनगरांच्या वाड्यावर जाऊन बघावं. आमच्या माळावर दिवाळीनंतर मेंढ्या येतात. त्यांच्याबरोबरच्या कुत्र्यांना कुणी बांधत नाही, तरी ती खांड सोडून जात नाहीत. आम्ही तिथल्या एका काकींना विचारलं, काय शिकवता? त्या म्हणाल्या, “शिकवतुया कशाचं? कोकरांत जलमतंय, कोकरांत निजतंय. त्याला मेंढरं म्हंजी आपलीच भावंडं वाटत्यात.” शास्त्र वेगळं काही सांगत नाही. पिल्लाच्या वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तिसऱ्या महिन्यापर्यंत त्याचं मन सगळ्यांत मोकळं असतं. त्या दिवसांत ज्यांच्या सहवासात राहील, ती सगळी त्याला आपली वाटतात. जगात जिथे जिथे कळपाच्या राखणीची कुत्री आहेत, तुर्कस्तानात, इटलीत, आपल्या हिमाचलात गद्दी मेंढपाळांकडे, तिथे पिल्लू लहानपणापासून कळपातच वाढवतात. हिमाचलात बिबट्याने मान धरू नये म्हणून कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टाही घालतात. आपल्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या आहे, तिथे रात्री कुत्रं उघड्यावर बांधणं म्हणजे ते बिबट्याला वाढून ठेवण्यासारखं आहे. त्याला गोठ्यात घ्या. आतूनही त्याला वास येतो आणि आतूनही ते सांगतं.

हे दिवस पिल्लाला माणसांची सवय लावायचेही आहेत. लहान मुलं, काठी टेकणारे आजोबा, आशाताई, हेल्मेट घातलेला पोस्टमन, ट्रॅक्टरचा आवाज, हे सगळं त्याने त्या काळात पाहिलं, प्रत्येक वेळी तुकडा मिळाला, तर मोठेपणी ते कारणाशिवाय भीत नाही. आणि चावणारी बहुतेक कुत्री भ्यालेली असतात. पिल्लू आईपासून आठ आठवड्यांच्या आत तोडू नका. भावंडांशी खेळताना जोरात चावलं की समोरचं ओरडतं, खेळ थांबतो. दात किती लावायचा हे ते तिथेच शिकतं.

मुलांनाही शिकवायला हवं. कुत्रं गुरगुरलं तर पोरं दगड मारतात, मोठी माणसं लाथ घालतात. गुरगुरणं म्हणजे त्याची भाषा आहे, ‘लांब हो, मला बरं वाटत नाही’ एवढंच ते सांगतं. गुरगुरल्याबद्दल मारत राहिलो तर ते गुरगुरणं सोडतं आणि सरळ चावतं. मग लोक म्हणतात, काही न सांगता चावलं. त्याआधीही ते सांगत असतं. तोंड फिरवतं, ओठ चाटतं, झोप नसताना जांभई देतं, अंग ताठ करून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतं. शेपूट हलतंय म्हणजे खुशीत आहे असंही नाही. ताठ उभं शेपूट भराभर हलत असेल तर लांबच राहावं. आम्ही अंगणवाडीत खेळ घेतला, झाड व्हायचा. अनोळखी कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, हात जवळ घेऊन, नजर खाली, झाडासारखं उभं राहायचं. खाणाऱ्या, झोपलेल्या, बांधलेल्या कुत्र्याजवळ आणि पिल्लांच्या आईजवळ जायचं नाही. पोरांना हा खेळ इतका आवडला की आता कोंबडी आली तरी झाड होतात.

आता थोडं गावाबाहेरचं. १९९३ मध्ये मुंबईत बॉम्बस्फोट झाले, तेव्हा पोलिसांकडे झंजीर नावाचा लॅब्रेडोर होता. त्याने तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स शोधून दिलं. किती घरं त्याने वाचवली याचा हिशोब कसा करणार? २०२३ च्या फेब्रुवारीत तुर्कस्तानात भूकंप झाला. आपलं राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल तिकडे गेलं, सोबत त्यांची कुत्रीही होती. ज्युली आणि रोमिओ या दोघांनी ढिगाऱ्याखाली सहा वर्षांची मुलगी जिवंत आहे हे दाखवून दिलं. मशिनला न कळलेलं नाकाला कळलं. ही कुत्री मारून तयार होत नाहीत. वास सापडला की त्यांना आवडता चेंडू मिळतो, खेळ मिळतो. त्यांच्या लेखी बॉम्ब शोधणं हा लपवलेला चेंडू मिळवण्याचा डाव असतो.

अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांची गोष्ट आम्हाला सगळ्यांत जास्त भावली. पहिल्या महायुद्धात हजारो सैनिकांची दृष्टी गेली, तेव्हा १९१६ मध्ये जर्मनीत ओल्डेनबर्ग इथे त्यांच्यासाठी कुत्री शिकवायची शाळा निघाली. या कुत्र्यांना शब्द पाळायला शिकवतात, आणि शब्द मोडायलाही. मालक म्हणाला “चल”, आणि समोरून गाडी येते आहे, तर कुत्रं जागचं हलत नाही. ओढलं तरी नाही. आता विचार करा, “नाही” म्हटल्याबद्दल ज्याने आयुष्यभर मार खाल्लाय, ते कुत्रं अशा वेळी “नाही” म्हणेल? ते मुकाट्याने रस्त्यात उतरेल आणि दोघंही जातील. हे सांगितलं तेव्हा बैठकीत एक मावशी हळूच म्हणाल्या, “कुत्र्याचंच न्हाई हे.” त्यावर कुणी काही बोललं नाही, पण कुणी उठलंही नाही.

आपल्या देवघरात कुत्र्याला जागा आहे. खंडोबाच्या घोड्याजवळ तो असतो, दत्ताच्या पायाशी चार असतात. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आपण लेकरांना सांगतो. आणि तरी पिल्लं झाली की आपल्याकडे काय होतं? नर असतील ती लोक घेऊन जातात. माद्या पोत्यात घालून ओढ्याकाठी, नाहीतर बाजाराच्या गावी सोडून येतात. “मादी नको, पिल्लांचा ताप.” हे वाक्य आपण दुसऱ्या कुणाबद्दल ऐकलेलं आहे, वेगळं सांगायला नको. कुत्री राखणीला कुत्र्याइतकीच चांगली असते. पिल्लांचा ताप नको असेल तर तिचं ऑपरेशन करून घ्यावं. सोडलेल्या माद्याच पुढे रस्त्यावर वितात आणि गावात कुत्री वाढली म्हणून ओरड होते. भटक्या कुत्र्यांबाबत २०२३ चे नियम आहेत. त्यांना पकडून ऑपरेशन करायचं, रेबीजची लस द्यायची आणि होती तिथेच परत सोडायचं. ही जबाबदारी स्थानिक संस्थेची, म्हणून ग्रामसभेत हा विषय आपण बायकांनीच मांडायचा. गावातल्या दहांपैकी सात कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरच्या कुत्र्याला तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, पुढे दरवर्षी. दवाखान्याचं कार्ड गटाच्या फाइलीत लावून ठेवा, शेळीच्या विम्याच्या मागे.

खाण्याचं एक राहिलं. उरलेलं सगळं कुत्र्याला चालतं हा समज चुकीचा आहे. कांदा आणि लसूण कुत्र्याला बाधतो, म्हणून रश्श्यात चुरलेली भाकरी नको. द्राक्षं आणि बेदाणे तर त्याच्या मूत्रपिंडाला मारक आहेत, बागायतदार मैत्रिणींनी विशेष लक्ष द्यावं. शिजवलेली कोंबडीची हाडं फुटून घशात, आतड्यात रुततात. भाकरी, ताक, भात, अंडं, बिनमसाल्याचं मटणाचं पाणी, हे उत्तम.

यंदा धनगरवाड्यावरच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली. तीन माद्या आमच्या गटातल्या तिघींनी मागून घेतल्या, आठ आठवडे पुरे झाल्यावर. पहिल्या दोन-तीन रात्री पिल्लू रडतं, तेव्हा आईच्या अंगाखालचं पोत्याचं फडकं सोबत आणून त्याच्या जागेवर अंथरा, वास ओळखीचा असला की ते लवकर निवतं. तिघींपैकी एकीने तिला शेळ्यांच्या गोठ्यातच जागा केली आहे. परवा गेलो तर ती करडांच्या मधोमध पाय ताणून झोपली होती, आणि एक करडू तिच्या पाठीवर चढायच्या खटपटीत होतं. लसीकरणासाठी तिघींची नावं दवाखान्यात दिली आहेत. तुमच्याकडे पिल्लं असतील तर तुमच्याही पशुसखीला सांगा, एकाच दिवशी सगळी नेता येतील.